गंजी आधी, अनुदान मागून

या महिन्याच्या टपालात पऱ्हाटी (कापसाच्या वाळक्या काड्या), सोयाबीनची गुळी, पाचट आणि शेण यांचीच पत्रं जास्त. सगळ्यांचा रोख एकच: यातून ऊर्जा करायला सरकार पैसे देतं म्हणतात, ते मिळतात कसे? माझी सगळी नोकरी बँकेत शेती-कर्जाच्या टेबलावर गेली. तेव्हा ही उत्तरं फाइली वाचणाऱ्या बाईची आहेत, हे धरून चाला.

प्रश्न : ताई, आम्ही तिघा मित्रांनी ताशी एक टनाचं व्हाइट कोलचं, म्हणजे काडीकचरा दाबून जळाऊ कांड्या करायचं, युनिट टाकायचं ठरवलंय. आमच्याकडं कापूस भरपूर, पऱ्हाटी लोक बांधावर पेटवून देतात. यंत्रवाला म्हणतो, नऊ लाख केंद्र सरकार देतं, उरलेलं बँक देते, घरचं काही घालावं लागत नाही, आणि माल परळीचं थर्मल डोळे झाकून घेतं. यात खरं किती? (मानवत, जि. परभणी)

उत्तर : नऊ लाख खरे. बाकीचं तपासून घ्यावं लागेल.

हे पैसे राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमातले. केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानं तो नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर केला. पहिल्या टप्प्याची तरतूद ८५८ कोटी, त्यात बायोमासच्या, म्हणजे काडीकचऱ्याच्या, वाट्याला १५८ कोटी. देशभरातल्या सगळ्या ब्रिकेट-पेलेटवाल्यांनी, म्हणजे जाड कांड्या नाहीतर बारीक गोळ्या करणाऱ्यांनी, त्यात भागवायचं. ब्रिकेटला, म्हणजे तुमच्या व्हाइट कोलला, ताशी एक टन क्षमतेमागे ९ लाख आणि एका प्रकल्पाला जास्तीत जास्त ४५ लाख असा दर ठरला. पेलेटचा दर पुढं वाढवला: ताशी टनामागे २१ लाख किंवा यंत्रसामग्रीच्या धरलेल्या खर्चाच्या ३० टक्के, यातलं कमी असेल ते. हा टप्पा २०२५-२६ पर्यंतचा होता. म्हणून यंत्रवाल्याच्या रंगीत कागदावर विसंबू नका. मंत्रालयाच्या बायोऊर्जा पोर्टलवरचं चालू परिपत्रक काढा आणि आधी त्याची तारीख बघा.

आता मुख्य मुद्दा. हे पैसे मागून येतात. प्लांट उभा राहिला, चालला, तपासणी झाली, ठरलेल्या क्षमतेच्या किती टक्के माल निघतो ते पाहिलं, की मग. तोवर सगळा खर्च कर्जाचा आणि तुमच्या खिशातला, वर व्याज. बँकेतला माणूस म्हणूनच हिशेब मांडताना अनुदानाच्या रकान्यात शून्य लिहितो. तुम्हीही तसाच मांडा. अनुदान धरल्याशिवाय हप्ता निघत नसेल, तर तो धंदा अनुदान आल्यावरही फार दिवस निघत नाही.

‘कापूस भरपूर’ म्हणालात. किती भरपूर? पऱ्हाटी हेक्टरी २ ते ३ टन निघते. मधला अडीच टनांचा आकडा धरू. ताशी एक टनाचं यंत्र दिवसाला दहा तास, वर्षात २५० दिवस चाललं तर तयार माल २,५०० टन. म्हणजे १,००० हेक्टरांवरची पऱ्हाटी, तीही शेवटची काडी उचलली तर. एकरात सांगायचं तर अडीच हजार. निम्म्याच लोकांनी दिली तर पाच हजार एकरांत फिरावं लागेल. कितीतरी घरी चूल अजून पऱ्हाटीवर पेटते, सिलिंडर कोपऱ्यात पाहुण्यांसाठी असतो. वीटभट्टीवाला रोख देऊन नेतो. शिवाय ट्रॉली भरली की डोंगर दिसतो आणि काट्यावर टन-दीड टन भरते. पंचवीस-तीस किलोमीटरच्या पलीकडून आणलेली पऱ्हाटी डिझेलच खाऊन टाकते.

ओल बघा. ताजी उपटलेली पऱ्हाटी समजा ३० टक्के ओली आहे आणि यंत्राला १० टक्क्यांच्या आसपास ओल लागते. १,००० किलो विकत घेतलीत तर वाळून ७७८ किलो उरते. बाकीच्या २२२ किलो पाण्याचे पैसे तुम्ही दिलेत. दर ठरवताना ओलीप्रमाणे कपात लिहून ठेवा आणि ओल मोजायचं यंत्र पहिल्या दिवसापासून घ्या. ब्रिकेटला डिंक, मळी काही लागत नाही. दाबानं आणि उष्णतेनं लाकडातलं लिग्निन मऊ होऊन तेच चिकटतं. पण ओल जास्त असली की कांडी यंत्रातून बाहेर पडतानाच फुटते.

गंजीचं तर वेगळंच प्रकरण. पऱ्हाटी मिळते डिसेंबर ते मार्च, गिऱ्हाइकाला माल लागतो बारा महिने. सगळा धरून टनाला समजा २,५०० रुपये पडले, तर २,५०० टनांचे झाले साडेबासष्ट लाख. हंगाम संपताना त्यातला बराचसा पैसा गंजीत अडकलेला असतो. नऊ लाखांच्या अनुदानावर चर्चा रात्रभर होते, या खेळत्या भांडवलावर कोणी बोलत नाही! बँकेकडं मुदत कर्ज मागतानाच मालतारणावरची कॅश क्रेडिट मर्यादाही मागा. गंजीचा आगीचा विमा उतरवा. आणि वर पत्रे हवेत, कारण फेब्रुवारी-मार्चची गारपीट आपल्याकडं आता पाहुणी राहिलेली नाही.

कृषी विभाग आणि कृषी विद्यापीठ दर हंगामात सांगतात, फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेला कापूस) घेऊ नका आणि पऱ्हाटीच्या गंजी शेताशेजारी रचू नका. किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. तुम्ही गावोगाव गंजी लावल्यात तर पुढच्या वर्षी लोक तुमच्याच नावानं बोटं मोडतील. ट्रॅक्टरवरचा श्रेडर नेऊन शेतातच कुट्टी करा आणि कुट्टीच आणा. ट्रॉलीत वजनही जास्त बसतं. श्रेडर, बेलर अशा यंत्रांना कृषी यांत्रिकीकरणातून अनुदान असतं, अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर करायचा. पालापाचोळा मात्र रानातच राहू द्या, तुमची जमीनही काही खात असते.

सोयाबीनची गुळी पूरक म्हणून धरणार असाल तर दुष्काळाचं वर्ष डोळ्यांपुढं आणा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तसल्या वर्षी गुळी दावणीला जाते, आणि जावीच.

एक फाइल आठवते, जिल्हा सांगत नाही. प्रकल्प अहवाल जाडजूड, कच्च्या मालाच्या मथळ्याखाली शब्द एकच : ‘मुबलक’. सोबत भल्याथोरल्या गंजीचा फोटो. जागेवर गेल्यावर कळलं, गंजी शेजारच्या वीटभट्टीची होती. अर्जदार खोटा नव्हता. त्याला वाटलं होतं, आपलं यंत्र आलं की ती आपल्यालाच मिळेल.

‘घरचं काही लागत नाही’ हे तर कुठल्याच योजनेत नाही. पीएमईजीपीत, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, उत्पादन उद्योगाचा प्रकल्प ५० लाखांपर्यंत धरतात. खेड्यात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग अशा विशेष गटांना ३५ टक्के अनुदान; स्वतःचे अनुक्रमे १० आणि ५ टक्के घालावेच लागतात. अनुदान बँकेत तीन वर्षं मुदत ठेव म्हणून पडून राहतं आणि युनिट चालू असेल तर मग कर्जात वळतं होतं. दुसऱ्या एखाद्या सरकारी योजनेचं अनुदान आधीच घेतलेलं युनिट तिथं बसत नाही, म्हणून कुठल्या खिडकीवर उभं राहायचं ते आधी ठरवा. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही साधारण याच साच्याचा आहे. तुमच्या आकाराच्या युनिटला मला ही दारं जवळची वाटतात.

आणि परळी. तिथं २५० मेगावॉटचे तीन संच आहेत. कोळशात बायोमास मिसळायचं केंद्राचं धोरण २०२१ चं. २०२४-२५ पासून ५ टक्के आणि २०२५-२६ पासून ७ टक्के असं प्रमाण त्यात पुढं ठरलं. पण औष्णिक केंद्रात कोळसा दळून, त्याची पूड करून जाळतात. त्या चक्कीत पेलेट चालतात, व्हाइट कोलची जाड कांडी चालत नाही. खरेदीही निविदेनं होते. डोळे झाकून काही नाही. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे ज्याच्याकडं बॉयलर आहे तो : तेलाची गिरणी, औषधाचा कारखाना, जालना किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतला कोणी. अशा दोघांकडून महिना किती टन, कोणत्या दरानं, पैसे किती दिवसांत, हे कंपनीच्या कागदावर लिहून आणा. ती दोन पत्रं फाइलीत वर लावा, यंत्राचं कोटेशन खाली.

प्रश्न : आमची चार एकर माळरानाची जमीन सौर प्रकल्पाला भाड्यानं द्यावी का? (सेनगाव, जि. हिंगोली)

उत्तर : मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ आहे. चार एकरांचे साधारण दोन लाख होतात. खासगी जमीन उपकेंद्रापासून ५ किलोमीटरच्या आत लागते. माळ खरोखरच पडीक असेल तर द्या. सातबारावर सगळ्या भावांची नावं असतील तर सह्या आधी करून घ्या, आणि करारातली वर्षं वाचा. तुमची नातवंडं बहुधा कराराच्या मुदतीतच मोठी होतील.

प्रश्न : ताई, आमच्या बचत गटातल्या अकराजणी गोबरगॅस बांधायचं म्हणतोय. माझ्याकडं दोन म्हशी आणि बैलजोडी आहे. मालक म्हणतात, उन्हाळ्यात बंद पडतो, पैसे पाण्यात. अनुदान किती, आणि मालकांचं खरं आहे का? (केज, जि. बीड)

उत्तर : मालकांचं अर्धं खरं आहे, हे त्यांना वाचून दाखवा, खूश होतील.

दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण लागतं. एका मोठ्या जनावराचं दिवसाचं दहा किलो हाती लागतं असं धरलं तर चार जनावरांचं चाळीस. थोडं कमी पडेल, वासरांचं घालून भागेल. तेवढंच पाणी लागतं, म्हणजे रोज दोन-तीन घागरी. मे महिन्यात टँकरच्या रांगेत उभं राहून आणलेलं पाणी गोबरगॅसला घालणारी बाई मला अजून भेटायची आहे. संयंत्र बंद पडतं ते तिथं. पण त्याला प्यायचंच पाणी लागतं असं नाही. जनावरं धुतलेलं, भांडी विसळलेलं पाणी चालतं, साबणाचं तेवढं नको. मोरीचं पाणी टाक्याकडं वळवता येईल अशीच जागा निवडा, बांधकामाला सुरुवात तिथून करा.

दोन घनमीटर गॅस म्हणजे सिलिंडरमधला साधारण पाऊण-एक किलो गॅस रोज. पूर्ण चाललं तर १४.२ किलोचं सिलिंडर सोळा-सतरा दिवसांनी वाचतं. थंडीत गॅस कमी होतो, ते धरून चाला.

अनुदानाचं म्हणाल तर राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमाच्या २०२५-२६ पर्यंतच्या टप्प्यात २ ते ४ घनमीटरला आपल्या राज्यात सर्वसाधारण दर १४,३५० रुपये, संडास जोडलात तर १,६०० वर. दर बदलतात, म्हणून पंचायत समितीच्या कृषी विभागात यंदाचा दर आणि यंदाचं उद्दिष्ट दोन्ही विचारा. उद्दिष्ट संपलेलं असेल तर दर कितीही असो. अकराजणींनी एकदम बांधू नका. ज्यांच्या दारात पाणी आणि चार जनावरं आहेत त्या तिघी-चौघींनी आधी बांधा. एकच गवंडी सगळीकडं ठेवा, दीनबंधू पद्धतीच्या संयंत्राच्या घुमटाला भेग गेली की गॅस उडून जातो. स्लरीचा, म्हणजे गॅस निघून उरलेल्या पातळ शेणखताचा, खड्डा आखणीतच धरा. मला विचाराल तर खरी कमाई त्या खड्ड्यातच आहे.

प्रश्न : आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीकडं एक एजन्सी आली आहे. गावोगाव नेपियर गवत लावायचं, प्रत्येकानं सभासद फी भरायची, तालुक्यात बायोगॅसचा मोठा प्लांट होणार, तेल कंपन्यांशी करार झालाय आणि चार कोटी अनुदान मंजूर आहे असं सांगतात. सभासद व्हावं का? (औसा, जि. लातूर)

उत्तर : फी भरू नका. आधी तीन कागद मागा : तेल कंपनीचं इरादापत्र प्लांटच्या जागेच्या नावानं आहे का, जमीन कोणाच्या नावावर आहे, आणि बँकेचं कर्ज मंजुरीपत्र. चार कोटींचं ऐकून हुरळू नका. नवीन सीबीजी (शुद्ध करून दाबलेला बायोगॅस) प्लांटला रोज ४,८०० किलो क्षमतेमागे ४ कोटी आणि एका प्रकल्पाला जास्तीत जास्त १० कोटी, असा दर राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमाच्या २०२५-२६ पर्यंतच्या टप्प्यात ठरला हे खरं. पण हेही प्लांट चालू झाल्यावर मिळतं. प्लांटच उभा नाही, तर हातात काय आलं?

धंदा वाईट आहे असं म्हणत नाही. तेल कंपन्यांनी सीबीजी विकत घ्यायची ‘सतत’ योजना ऑक्टोबर २०१८ मध्ये आली, तेव्हा ५,००० प्लांटचं स्वप्न होतं आणि गॅसला किलोला ४६ रुपये दर होता; पुढं तो सीएनजीच्या दराशी जोडला. शहरी गॅस कंपन्यांना आता सीबीजी मिसळणं बंधनकारक आहे : २०२५-२६ मध्ये १ टक्का, २०२६-२७ मध्ये ३, मग ४, आणि २०२८-२९ पासून ५. म्हणजे गिऱ्हाईक वाढणार. उरलेल्या आंबवलेल्या सेंद्रिय खताला टनामागे १,५०० रुपये केंद्राचं विपणन साहाय्य २०२५-२६ पर्यंत ठरलं होतं. शेतकऱ्यांना सीबीजी प्लांटसाठी दिलेलं कर्ज रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२० पासून प्राधान्य क्षेत्रात धरलंय, त्यामुळे शाखाधिकारीही ऐकून घेतो. आणि कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ७ वर्षं ३ टक्के व्याज सवलत मिळू शकते. पण असा प्लांट कोट्यवधींचा असतो. २ कोटींवरच्या सवलतीनं त्याचं नशीब बदलत नाही.

माझं मत असं की औसा-निलंग्याकडं प्लांटचा पाया नेपियरवर नको. नेपियरला बारमाही पाणी लागतं, आणि ते पाणी असतं तर तुम्ही ऊसच लावला असता. साखर कारखान्याचा प्रेसमड (उसाच्या रसातला गाळ) हाताशी असेल तर विषय वेगळा : पंचवीसेक टनांत साधारण टनभर गॅस निघतो आणि माल एका जागी मिळतो. तुमच्या कंपनीनं प्लांटचं मालक होण्यापेक्षा माल पुरवण्याचं कंत्राट घ्यावं. वजन, दर, पैसे देण्याची मुदत लेखी ठेवावी. कमाई बेताची, पण झोप लागते.

प्रश्न : दिल्लीला धूर झाला की पंजाब-हरियाणाच्या पराळीसाठी तिजोरी उघडते. मराठवाड्यासाठी वेगळा निधी का नाही? वैधानिक विकास मंडळ जिवंत असतं तर मिळाला असता का? (निवृत्त शिक्षक, जालना)

उत्तर : गुरुजी, पहिल्या वाक्याशी मी सहमत आहे, त्याचा हिशेबही देते. पिकांचे अवशेष शेतात न जाळता हाताळायची यंत्रं देणारी केंद्राची योजना २०१८-१९ मध्ये सुरू झाली ती पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि दिल्लीसाठी. २०२२ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं भाताच्या पेंढ्याच्या पेलेटसाठी ५० कोटी बाजूला काढले, ताशी टनामागे १४ लाख. त्याच वर्षी आपल्या पऱ्हाटीला, राष्ट्रीय योजनेतून, ९ लाख. आपला धूर राजधानीपर्यंत पोचत नाही, एवढाच आपला गुन्हा.

वैधानिक मंडळाबद्दल मात्र फार आशा धरू नका. राज्यघटनेच्या कलम ३७१(२) खाली १ मे १९९४ ला ते आलं, मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं पुन्हा स्थापण्याचा निर्णय घेतला. पण त्याच्याजवळ स्वतःची मोठी थैली कधीच नव्हती. अनुशेष, म्हणजे विकासातली मागे राहिलेली तूट, मोजायचा आणि राज्यपालांनी निधीवाटपाचे निर्देश द्यायचे, अशी रीत होती. ही तूट मोजणाऱ्या दांडेकर समितीपासून अनुशेषात सिंचन, रस्ते, शेतपंपांच्या वीजजोडण्या मोजल्या गेल्या. पऱ्हाटीचा रकाना त्यात नव्हता, मग तिचा अनुशेष निघणार कुठून?

माझी तक्रार निधीच्या आकड्यापेक्षा तो कुठं पडतो याबद्दल आहे. पैसा यंत्राला मिळतो. आपलं घोडं अडतं गोळा करण्यात, वाळवण्यात आणि पावसापासून वाचवण्यात. याला अपवाद म्हणून पेट्रोलियम मंत्रालयानं बायोमास गोळा करायच्या यंत्रांसाठी २०२३-२४ ते २०२६-२७ या काळात ५६४.७५ कोटींची योजना केली, पण ती सीबीजीवाल्यांसाठी. मानवतचे हे तिघे तिच्यात बसत नाहीत. एका तालुक्यात तीन ब्रिकेट युनिटांना यंत्राचं अनुदान देऊन तिघांना एकाच पऱ्हाटीसाठी भांडायला लावण्यापेक्षा, त्याच पैशात दोन श्रेडर, एक वजनकाटा आणि पत्र्याचं मोठं शेड झालं तर तिघंही जगतील. धोरण लिहिणाऱ्यांना हे सुचत नाही असं नाही. शेडचं उद्घाटन मात्र फोटोत उठून दिसत नाही.

मागायचंच असेल तर जिल्हा नियोजन समितीकडं मागा. जिल्हा वार्षिक योजनेत अपारंपरिक ऊर्जेवर खर्च होत असतो, तो बहुतेक सौर दिव्यांवर जातो. महाऊर्जा या राज्याच्या ऊर्जा संस्थेच्या विभागीय कार्यालयाला विचारून गेल्या वर्षी तुमच्या जिल्ह्यात या शीर्षाखाली काय काय झालं त्याची यादी घ्या, नाही दिली तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. निवेदनात ‘बायोमाससाठी निधी द्यावा’ असं लिहू नका, त्यावर ‘योग्य ती कार्यवाही’ असा शेरा पडतो. जागेचा गट नंबर, शेडची लांबी-रुंदी, कार्यकारी अभियंत्याचं अंदाजपत्रक आणि ते चालवणाऱ्या शेतकरी कंपनीचा ठराव जोडा. बैठकीच्या आधी पंधरा दिवस ते पालकमंत्र्यांच्या कार्यालयात पोचवा आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका.